ओबामांच्या ग्लासातली बड लाइट अमेरिकन होती की बेल्जियन?

मिसिसिपीकाठ

लेकीला कॉलेजात २००९ च्या त्या व्हाइट हाउसमधल्या बिअरच्या बैठकीवर लिहायचंय, त्यावरून परवा जेवताना विषय निघाला आणि माझं नि नवऱ्याचं चांगलंच वाजलं. म्हटलं इथे मांडावं.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हार्वर्डचे प्रोफेसर हेन्री लुईस गेट्स, कृष्णवर्णीय, खूप मोठं नाव. १६ जुलै २००९ ला ते चीनहून मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजच्या आपल्या घरी परतले तर पुढचं दार अडकलेलं, ड्रायव्हरच्या मदतीने जोर लावून ते उघडत होते आणि ते बघून कुणीतरी पोलिसांना फोन केला. सार्जंट जेम्स क्रॉली आले, बाचाबाची झाली आणि गेट्सना स्वतःच्याच घराच्या दारात बेड्या पडल्या. ओबामा पत्रकार परिषदेत बोलून गेले की पोलीस मूर्खपणाने वागले, त्यावर देशभर गदारोळ, मग त्यांनी दोघांना बिअर प्यायला बोलावलं. ३० जुलैच्या संध्याकाळी रोझ गार्डनजवळ टेबल मांडलं. ओबामांनी बड लाइट घेतली, गेट्सनी सॅम अ‍ॅडम्स लाइट, क्रॉलींनी ब्लू मून आणि तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष बायडन दारू पीतच नाहीत म्हणून त्यांना बकलर, बिनअल्कोहोलची.

माझा मुद्दा बड लाइटचा आहे. ती बनवणारी अनहायझर-बुश कंपनी तेव्हा अमेरिकन राहिलेलीच नव्हती. २००८ च्या जुलैत बेल्जियमच्या इनबेव्हने ५२ अब्ज डॉलरला तिचा सौदा केला आणि नोव्हेंबरात तो पूर्ण झाला. आणि गंमत नाही, खरंच वाईट वाटतं ते याचं, की तो सौदा चालू असताना निवडणुकीच्या प्रचारात स्वतः ओबामाच म्हणाले होते की बड परदेशी मालकीची झाली तर ती लाजिरवाणी गोष्ट होईल, एखादी अमेरिकन कंपनी शोधता यायला हवी. मग वर्षभरात जगभरचे कॅमेरे समोर असताना तीच बिअर? मॅसॅच्युसेट्सचे खासदार रिचर्ड नील यांनी तर पत्र लिहून सांगितलं होतं की सॅम अ‍ॅडम्स ठेवा, ती अमेरिकन मालकीची आहे.

आम्ही २००६ ला सेंट लुइसला, म्हणजे याच कंपनीच्या गावी आलो, म्हणून मला हे जरा जास्तच लागतं. त्यांची ब्रुअरी आहे त्या सुलार्ड भागातून जाताना गाडीच्या काचा खाली असल्या की शिजत्या धान्याचा वास यायचा, कुरडयांचा चीक शिजवताना येतो ना अगदी त्याच्या जवळचा. पहिल्यांदा तो वास आला तेव्हा मी नवऱ्याला गाडी बाजूला घ्यायला लावली होती, आईच्या गच्चीवर उभी असल्यासारखं वाटलं. पाहुणे आले की त्यांना तिथली टूर आणि ते पायावर पांढऱ्या केसांचे झुपके असलेले क्लाइड्सडेल घोडे दाखवायला न्यायचं हे ठरलेलं. ते गावाचं होतं. सौदा झाला आणि डिसेंबर २००८ मध्ये कंपनीने १४०० च्या आसपास जागा कमी करत असल्याचं जाहीर केलं, त्यातल्या साधारण पाऊण सेंट लुइसच्या. वास आजही येतो, पण कुणाला ठेवायचं नि कुणाला काढायचं हे ठरवणारी खुर्ची गावात नाही. राष्ट्राध्यक्षाने निदान हे लक्षात ठेवायला हवं होतं असं माझं स्पष्ट मत आहे.

ताकपोळी

अजिबात सहमत नाही ताई. बिअर बनते कुठे ते बघा ना. अमेरिकेत त्यांच्या १२ ब्रुअरीज होत्या, सगळ्या चालू राहिल्या, काम करणारे अमेरिकन, ट्रक चालवणारे अमेरिकन, बारमध्ये विकणारे अमेरिकन. नफ्याचा चेक बेल्जियममध्ये लुव्हेनला गेला म्हणून ग्लासातली बिअर बेल्जियन होते का? आणि मुळात "अमेरिकन" तरी कशी ठरवणार, अनहायझर आणि बुश दोघंही जर्मनीतून आलेले, बडवायझर हे नाव बोहेमियातल्या बुडवाइस गावावरून १८७६ मध्ये घेतलेलं, आणि त्या गावची चेक सरकारी कंपनी त्याच नावाने आजही बिअर विकते. तुमचे ते घोडेसुद्धा स्कॉटलंडच्या जातीचे. सगळंच बाहेरून आलेलं आहे आणि तेच तर अमेरिकेचं अमेरिकनपण.

सॅम अ‍ॅडम्सचं पण सांगतो. ती बनवणारी बॉस्टन बिअर कंपनी जिम कॉकने १९८४ मध्ये काढली, तो सिनसिनाटीचा, आणि बॉस्टन लागरची रेसिपी त्याच्या खापरपणजोबांची, लुई कॉकची, जो दारू गाळायचा... कुठे? तुमच्याच सेंट लुइसला. आणि २००९ मध्ये त्यांची बहुतेक बिअर बनायची पेनसिल्व्हेनिया आणि ओहायोत, बॉस्टनची ब्रुअरी अगदी छोटी. म्हणजे नाव बॉस्टनचं, मुळं सेंट लुइसमधली, कारखाना पेनसिल्व्हेनियात. मग खासदार नील यांचं पत्र हे देशप्रेम होतं की आपल्या राज्यातल्या कंपनीची वकिली? दोन्ही असेल, पण मग तसं म्हणावं.

एक दुरुस्ती: लागर बनवतात, गाळत नाहीत, मीच चुकीचं लिहिलं. गाळतात ती व्हिस्की.

रानवारा

मला हा धागा वाचून खरंच राग आला. एका साठीला टेकलेल्या माणसाला, ज्याला चालताना काठी लागते, त्याच्याच घरात पकडून नेलं, २१ जुलैला आरोप मागे घेतले म्हणजे त्यात काही दम नव्हता हे उघड आहे, आणि आपण पंधरा वर्षांनीही बाटलीचा पासपोर्ट तपासतोय. त्या आठवड्यात टीव्हीवर हेच चाललं होतं. आधी दोन दिवस वंशभेदावर चर्चा, मग हळूहळू कोण काय पिणार यावर. प्रश्न पडला होता की काळा माणूस आपल्या घरात सुरक्षित आहे का, आणि तो प्रश्न टेबलाखाली गेला. बिअरच्या मालकीवर बोलणं सोपं असतं म्हणून सगळे तिकडे वळले, तुम्हीही तेच करताय.

लेकीला निबंध लिहायचाय ना, तिला सांगा गेट्सपासून सुरुवात कर.

मिसिसिपीकाठ

@रानवारा, गेट्सवर झाला तो अन्याय होता, त्यात माझ्या घरात कुणाचंच दुमत नाही आणि लेकीच्या निबंधाची सुरुवात तिथूनच आहे. पण ते टेबल मांडलं ते व्हाइट हाउसने. कॅमेरे लांबून का होईना लावू दिले त्यांनीच, कोण काय पिणार हे पत्रकारांना आधी सांगितलं त्यांनीच. जेव्हा एखादी गोष्ट दाखवण्यासाठीच केलेली असते तेव्हा काय दाखवलं ते बघायचा हक्क लोकांना आहे. बड लाइट का, तर कामकरी माणसाची बिअर, मी तुमच्यातलाच असं सांगायचं होतं. मग त्या कामकरी माणसाची नोकरी आठ महिन्यांपूर्वी गेली असेल तर?

@ताकपोळी, लुई कॉकचं मला माहीत नव्हतं, मान्य. पण स्थलांतरित आणि मालक यात फरक आहे हो. अडॉल्फस बुश जर्मनीतून आला आणि सेंट लुइसचा झाला, तिथेच राहिला, गावाचं बरंवाईट झालं तर त्याचंही होत होतं. इनबेव्ह सेंट लुइसची झाली नाही, सेंट लुइस इनबेव्हच्या यादीतली एक ओळ झालं. आणि २०१६ मध्ये याच बेल्जियन मालकीच्या कंपनीने निवडणुकीच्या उन्हाळ्यात कॅनवरून बडवायझर काढून तिथे चक्क "अमेरिका" छापलं, मे ते नोव्हेंबर. मालकी जर एवढी बिनमहत्त्वाची असती तर देशाचं नाव डब्यावर छापायची गरज का पडली?

बांदा_ते_पणजी

त्या टेबलावर मालकीने बघितलं तर गेट्सचीच एक पूर्ण अमेरिकन निघते. ब्लू मून कूर्सने १९९५ मध्ये डेन्व्हरला काढली, पण २००९ ला ती मिलरकूर्सकडे, त्यात ५८ टक्के वाटा लंडनच्या सॅबमिलरचा आणि ४२ टक्के कॅनडा-अमेरिकेच्या मोल्सन कूर्सचा. बकलर हाइनिकनची, म्हणजे डच. हे माहितीसाठी, कुणाची बाजू घेत नाही.

आपल्याकडे हा वाद होणारच नाही कारण पुढारी बिअरचा ग्लास घेऊन कॅमेऱ्यासमोर बसणारच नाही. राज्यघटनेच्या कलम ४७ मध्ये दारूबंदीचं मार्गदर्शक तत्त्व आहे आणि उत्पादन शुल्काशिवाय राज्याचं चालत नाही, या दोन्हीच्या मधे सगळे गप्प. पण किंगफिशर आपली म्हणून आपण किती मिरवलो! युनायटेड ब्रुअरीज १९१५ ला उभी केली एका स्कॉटिश माणसाने, मग ती मल्ल्यांकडे आली, आणि २०२१ पासून ६१.५ टक्के हाइनिकनकडे. बाटलीवरचा खंड्या मात्र तोच आहे.

वाळूज_बी_शिफ्ट

पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझे वडील वाळूज एमआयडीसीत बिअरच्या कंपनीत होते, नाव लिहीत नाही. २२ वर्षं बॉटलिंगला. आपल्याकडे बाटल्या भंगारवाल्याकडून परत येतात, त्या कॉस्टिकच्या गरम पाण्यात धुतात, जुन्या लेबलांचा लगदा मशीनच्या खाली जमा होतो तो फावड्याने ओढायचा. मग धुतलेल्या बाटल्या पट्ट्यावरून एका पांढऱ्या उजेडाच्या पडद्यासमोरून जातात आणि तिथे माणूस बसवलेला असतो, तडा गेलेली, आत काही चिकटलेली बाटली दिसली की उचलून बाजूला. वडील तिथे बसायचे. सारखं त्या उजेडात बघून डोळे इतके थकायचे की घरी आल्यावर आई ट्यूबलाइट बंद करून झिरोचा बल्ब लावायची, आणि आम्ही भावंडं त्या बल्बखाली अभ्यास करायचो. मालक आधी देशी होता, मग परदेशी आला, मग त्यालाही दुसऱ्या परदेशी कंपनीने घेतलं. वडलांच्या समोरून बाटल्या तशाच जात राहिल्या. पगार वेळेवर झाला की नाही, बस आली की नाही, कॅन्टीनचं जेवण कसं, एवढंच घरात बोललं जायचं. म्हणून मला ताकपोळी यांचं पटतं. जो पिकवतो, जो भरतो, जो उचलतो त्याची बिअर. ओबामांनी कुठलीही घेतली असती तरी ती कुणाच्या तरी बापाने उजेडात तपासलेलीच असती.

ताकपोळी

@वाळूज_बी_शिफ्ट, मला जे सांगायचं होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं सांगितलंत. लिहीत राहा.

मिसिसिपीकाठ

@वाळूज_बी_शिफ्ट, दोनदा वाचलं, नवऱ्यालाही वाचून दाखवलं. तो म्हणाला बघ, हेच मी सांगत होतो. तरी एक विचारू का, राग मानू नका. मालक बदलल्याचं वडलांना कसं कळलं? आधी कुणी बोलावून सांगितलं होतं का? आणि दुसऱ्यांदा बदलला तेव्हा त्यांची नोकरी तशीच राहिली का?

वाळूज_बी_शिफ्ट

राग कसला ताई.

नाही, सांगितलं नाही कुणी. पहिल्या वेळी पगाराच्या पावतीवर वेगळं नाव आलं तेव्हा कळलं. दुसऱ्या वेळी पावती तीच होती, पण दोन-चार महिन्यांत ते पडद्यासमोर बसून बघायचं काम मशीनला दिलं, कॅमेरा लावला तिथे. वडलांना गोडाऊनला टाकलं, ठेकेदाराच्या हजेरीवर. ते म्हणायचे साहेब चांगला आहे पण त्याच्या हातात काही नाही, वरून आलंय. वर म्हणजे कुठे हे मी विचारलं होतं एकदा, ते म्हणाले मुंबईला असेल.

मुंबईला नव्हतं ते, मला नंतर कळलं.