मदत हवी आहे: पोट्टीचं धनुष्य मुंबईत अडकलं, ३३ हजार ड्युटी खरी का फसवणूक?

राम राम मंडळी. थोडं लांबलचक आहे पण वाचा, दोन दिवसांपासून झोप नाही राजेहो.

दर्यापूर तालुक्यात राहतो, खारपाणपट्टा, कापूस-तूर. मोठी पोट्टी नववीत आहे अन् तिरंदाजी करते. दोन वर्षं बांबूच्या धनुष्यावर इंडियन राउंड खेळली, आता सर म्हणते रिकर्व्ह (टोकं वळलेलं स्पर्धेचं धनुष्य) घ्या लागते नाहीतं पुढं काही खरं नाही. तिच्या मापाचा डावखुरा रायझर (धनुष्याचा मधला, मुठीचा भाग) इकडं भेटला नाही (डावखुरी आहे, आजीवर गेली) म्हणून नोव्हेंबर २०२४ मधी कोरियाच्या एका दुकानातून ऑनलाइन मागवला. रायझर अन् लिंब्स (वरखालचे वाकणारे भाग) मिळून ३८ हजार, वरून ४ हजार शिपिंग. कार्डातून पैसे कटले, मले वाटलं झालं काम.

आता पार्सल मुंबईच्या विमानतळावर येऊन बसलं अन् कुरिअरवाल्याचा मेल आला, ३३,८७४ रुपये भरा. ४२ हजाराच्या वस्तूवर ३४ हजार! २०२४-२५ च्या हंगामाले क्विंटलचा हमीभाव ७,५२१ होता, म्हणजे साडेचार क्विंटल कापूस गेला, वेचणीची मजुरी न धरता. वरून आधार-पॅनचा फोटोही मागून राह्यले.

त्याच दिवशी संध्याकाळी फोन आला, कस्टमचा साहेब बोलतो, तुमचं पार्सल पकडलं. म्या विचारलं काय होतं त्यात, तं म्हणे तुमीच सांगा. अन् म्या येड्यावानी सांगून टाकलं, धनुष्य. लगेच म्हणे हे तं हत्यार होय, १८ हजार या यूपीआयवर टाका नाहीतं केस होते. घरी बायकोनं देव पाण्यात ठेवले.

आता दोन्ही खोटे का एक खरा? साळा म्हणते पार्सल परत पाठव अन् दुकानदाराले गिफ्ट लिहून पुन्हा पाठवाले सांग. तसं होते का? माहीतगार लोकायनं सांगा, कुरिअरवाला म्हणते उशीर केला तं रोजचं भाडं लागन.

प्रतिसाद, बंदरावरचा:
काका, फोनवाला शंभर टक्के चोर. कस्टम कोणाच्या खाजगी यूपीआयवर पैसे घेत नाही. नोटीस असेल तर कागदावर येते आणि नोव्हेंबर २०१९ पासून त्यावर डीआयएन नंबर (त्या कागदाचा ओळख क्रमांक) असतो, तो सीबीआयसीच्या, म्हणजे कस्टमच्या केंद्रीय मंडळाच्या साइटवर टाकून बघता येतो. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करून ठेवा. आणि धनुष्य क्रीडासाहित्यात मोडतं, हत्यार-बित्यार काही नाही, वहिनींना सांगा देव बाहेर काढा.

कुरिअरचं बिल मात्र खरं वाटतंय, कडू आहे पण हिशेब जुळतो बघा. स्वतःच्या वापरासाठी बाहेरून मागवलं की बहुतेक वस्तू कस्टमच्या यादीतल्या ९८०४ या एकाच शीर्षकाखाली टाकतात. २०२४ मध्ये तिथे बेसिक ड्युटी ३५ टक्के होती, ती पण शिपिंग धरून, म्हणजे ४२ हजारावर १४,७००. त्या ड्युटीवर १० टक्के सरचार्ज १,४७०. मग सगळ्याची बेरीज ५८,१७० आणि तिच्यावर तेव्हाचा २८ टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी), १६,२८७ रुपये ६० पैसे. एकूण ३२,४५७ च्या वर काही पैसे, म्हणजे तेव्हाच्या दराने सरळ ७७.२८ टक्के. उरलेले चौदाशेच्या आसपास कुरिअरवाल्याची फी असणार, ते ड्युटी आधी स्वतः भरतात त्याचे १,२०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. या फीबद्दल भांडायचं तर भांडा, ड्युटीबद्दल भांडून उपयोग नाही. भरण्याआधी बिल ऑफ एन्ट्रीची (कस्टममध्ये भरलेल्या आयातीच्या कागदाची) कॉपी मागा. केवायसी लागतेच, पण मेलमधल्या लिंकवर नको, कंपनीची साइट स्वतः उघडून पार्सल नंबर टाकून द्या. महिनाभर सोडवलं नाही तर माल लिलावात काढायचा अधिकार त्यांना आहे, म्हणून फार ताणू नका.

गिफ्टचं विसरा. ५ हजारापर्यंत माफी होती ती डिसेंबर २०१९ मध्ये गेली, आता राखी आणि जीव वाचवणारी औषधं एवढंच उरलंय. आणि खोटं लिहिलेलं पकडलं तर दंड वेगळा.

प्रतिसाद, आर्वीचा भाऊ:
दादा पुढच्या टायमाले बाण-बिण लागले तं विमानानं येणाऱ्या कोणाले आणाले सांगा. प्रवाशाले २०२४ मधी ५० हजारापर्यंतचं सामान माफ होतं, वरच्यावर ३८.५ टक्के लागत होते. आमच्या गावचा पोट्टा दुबईले आहे, त्यानं असेच बूट आणले. खेळाडूले ड्युटीमाफी आहे म्हणतात ती आहे, पण नामांकित खेळाडूले अन् राष्ट्रीय फेडरेशनले. जिल्ह्याच्या सर्टिफिकेटवर तिथं कोणी हात लावत नाही.

धागाकर्ता:
बिल ऑफ एन्ट्री आलं, बंदरावरच्या भाऊनं सांगितले तेच आकडे, पैशापर्यंत. अर्धे सोसायटीतून, अर्धे साळ्याकून घेतले अन् भरून टाकले. त्या फोनवाल्याचा नंबर १९३० वर देऊन दिला, काल पुन्हा लावला होता त्यानं, पोट्टीनंच उचलला अन् म्हणे धनुष्य आलं की पहिला बाण तुमच्याकडेच सोडतो.

पार्सल अमरावतीपर्यंत आलं असं दाखवते. गावात डिलिव्हरी नाही म्हणते, मलेच आणाले जा लागते. एसटीत नीट येईल ना ते, का गाडी करू?