शब्दचर्चा: पेशवाईतला नायक ‘लोभ’ लिहील की ‘प्रेम’?

नमस्कार मंडळी. एका शब्दावर अडले आहे, म्हणून हा धागा काढते.

माझ्या कादंबरीचा काळ १७७० ते १७७२, म्हणजे थोरल्या माधवरावांची अखेरची वर्षं. नायक पुण्यात फडावर, म्हणजे पेशव्यांच्या कचेरीत, कारकून आहे आणि बायको कोकणात, सासरी. दोघांची गाठ वर्षाकाठी एकदा पडते, बाकी सारं पत्रांवर चालतं. पत्र अर्थात वडिलांच्या नावे येतं. ओटीवर कुणीतरी मोठ्यानं वाचतं आणि ती माजघरात दाराआड उभी राहून ऐकते. पत्राच्या शेवटी तो लिहितो, “सर्वांनी लोभ करीत जावा.” त्या ‘सर्वांनी’मध्ये आपण आहोत हे तिला कळतं. दोन वर्षांत त्यांच्यात झालेलं प्रेमाचं बोलणं एवढंच.

खर्डा वाचणाऱ्या मैत्रिणीनं ‘लोभ’भोवती लाल वर्तुळ काढून दिलंय. तिचं म्हणणं, आजच्या वाचकाला लोभ म्हणजे हाव. काम, क्रोध, लोभ यातला. त्याजागी ‘प्रेम’ घाल म्हणते. मला ‘प्रेम’ तिथे टोचतं, पण का टोचतं ते नीट सांगता येत नाही. शब्द काही नवा नाही, संतांच्या अभंगांत तो जागोजागी आहे. तुमचं मत हवंय.

प्रतिसाद

ताई, ‘प्रेम’ जुनंच आहे, पण अभंगात ते विठ्ठलाचं आहे. नवराबायकोनं एकमेकांना “माझं तुझ्यावर प्रेम आहे” असं सांगायचं, ही वाक्याची घडण मला तरी अलीकडची वाटते. तुम्हाला तीच टोचत असणार.

माझं मत ‘आवड’ला. आज आपण तो शब्द छंदांच्या रकान्यात नेऊन टाकलाय (आवड: वाचन, पोहणे). पण ज्ञानेश्वर म्हणतात, “बहुतां सुकृतांची जोडी, म्हणूनि विठ्ठलीं आवडी”. तिथे आवडी म्हणजे जन्मोजन्मीच्या पुण्याईनं जडलेली ओढ. आणि श्रावणातल्या कहाण्या आठवा. आटपाट नगर, राजाला दोन राण्या, एक आवडती आणि एक नावडती. नवऱ्याचं मन कुठे आहे हे सांगायला त्या कहाणीला हा एकच शब्द पुरला. तुमच्या नायिकेनं या कहाण्या ऐकलेल्या असणारच. तिच्या मनात शब्द येईल तो ‘आवडती’. मी आवडती आहे का, हाच तिचा प्रश्न असेल.

प्रतिसाद

आवडती-नावडती सुरेखच. पण पत्रात ‘लोभ’च हवा. मी गेली काही वर्षं मोडी वाचते, त्या अनुभवावरून सांगते.

‘लोभ असावा’ आपल्या आजोबांच्या पोस्टकार्डापर्यंत टिकून होतं. ‘कळावे, लोभ असावा’ लिहिताना कुणाच्या मनात हाव नसायची. बाळाला आपण आजही ‘लोभस’ म्हणतो. म्हणजे एकाच शब्दाच्या घरात लोभी आणि लोभस दोघं नांदतात. याचं मूळ संस्कृत ‘लुभ्’ धातूत आहे. त्यात हवंसं वाटणं आहे आणि भुलणंही आहे. भाषाशास्त्र सांगतं की इंग्रजीतला ‘लव्ह’ याच कुळातला. तेव्हा मैत्रिणीला सांगा, ‘लोभ’ काढून ‘लव्ह’चा अर्थ आणायची गरज नाही, तो आत आहेच.

पण ताई, मला तुमच्या प्रसंगातच एक अडचण दिसते. ‘लोभ करावा’, ‘बहुत काय लिहिणे, हे विनंती’ ही पत्रांची ठरीव शेपटी आहे. तुमचा कारकून सावकारालाही हेच लिहील आणि मामलेदारालाही. जे प्रत्येक पत्रात येतं ते ऐकून तिचं काळीज का हलावं? छापील पुस्तकातली दहा-वीस पत्रं वाचली की ‘लोभ’ गोड वाटतो. शेकडो पत्रं वाचल्यावर डोळा त्यावरून घसरून जातो. मोडीत तर शब्द तोडून लिहीत नाहीत, ह्रस्वदीर्घाचा भेद नाही, आधी रेघ ओढून अक्षरं तिला टांगलेली असतात. वाचणारा असे ठरीव तुकडे अंदाजानंच ओलांडतो.

म्हणून उलटं करून पाहा. एका पत्रात तो ‘लोभ’ लिहायचा विसरू दे. कागद संपला असेल, पत्र नेणारा जासूद दारात खोळंबला असेल. ओटीवरच्यांच्या लक्षातही येणार नाही. लक्षात येईल ते फक्त तिच्या.

प्रतिसाद

मी थोडा वेगळा सूर लावतो. वाचक आजचा आहे. त्याला प्रत्येक पानावर शब्दकोश उघडायला लावू नये. ‘प्रीती’ हा मधला मार्ग का नको? किंवा ‘प्रणय’? शेवटी तुमच्या पुस्तकाला ‘ऐतिहासिक प्रणयकथा’च म्हणणार ना?

प्रतिसाद

‘प्रणय’ नको हो! त्या शब्दाचं आपण पार वाटोळं केलंय. गीतेच्या अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहिल्यावर अर्जुन क्षमा मागतो, तुझा महिमा न जाणता मी तुला अरे कृष्णा, अरे यादवा म्हणालो, “मया प्रमादात् प्रणयेन वापि”. चुकून म्हणालो असेन किंवा प्रणयानं. इथे प्रणय म्हणजे दोन मित्रांमधली सलगी. मेघदूतातला यक्ष शिळेवर गेरूनं पत्नीचं चित्र काढतो ती ‘प्रणयकुपिता’, म्हणजे हक्कानं रुसलेली. आणि आज ‘प्रणयदृश्य’ म्हटलं की काय डोळ्यांसमोर येतं? विश्वास, सलगी, रुसण्याचा हक्क, सगळं गळालं आणि शेज तेवढी उरली.

‘कादंबरी’चंच पाहा ना. सातव्या शतकात बाणभट्टानं रचलेल्या प्रेमकथेतल्या नायिकेचं ते नाव. मराठीनं आणि कन्नडनं तेच नाव सगळ्या प्रकाराला देऊन टाकलं. म्हणजे पाणीटंचाईवरच्या कादंबरीलाही आपण एका विरहिणीच्या नावानं हाक मारतो. मला हे फार आवडतं. तेव्हा ताई, ‘ऐतिहासिक प्रणयकथा’ कशाला, ‘कादंबरी’ एवढंच छापा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. ‘लोभ’ गाळण्याची सूचना वाचून मी काल रात्री झोपले नाही. तेच करते आहे.

चर्चा निघालीच आहे तर माझ्याच खर्ड्यात सापडलेल्या दोन चुका सांगते, कुणाच्या उपयोगी पडतील. नायिका ‘एक मिनिट’ थांबत होती; आता पळभर थांबते. (साठ पळांची घटका, म्हणजे आपली चोवीस मिनिटं.) दुसरी चूक ‘नऊवारी’. पाचवारी आली तेव्हा कुठे जुन्या लुगड्याला नऊवारी म्हणायची वेळ आली. त्याआधी ते नुसतं लुगडं, आणि मोजायचं हातांनी.

अजून एक विचारायचंय. १४० व्या पानावर नायक पुण्यात एका सरदाराच्या वाड्यावर जातो. तिथल्या यादीत ‘नाटकशाळा’ असा उल्लेख मला एका जुन्या कागदावरून घ्यायचा होता. मी तिथे वाड्यातलं रंगमंदिर उभं केलंय, समया, पडदा, सगळं. बरोबर आहे ना?

प्रतिसाद

नाही ताई, ते तेवढं बदला. त्या काळच्या कागदांत नाटकशाळा ही जागा नव्हे, बाई. नाचगाणं करणारी, आणि पुष्कळदा धन्यानं ठेवलेली. यादीत नाटकशाळेपुढे लुगडं किंवा रोजमुरा (म्हणजे पगार) लिहिलेला असेल तर तो माणसाचा आहे, इमारतीचा नाही.

आणि आता बोलतेच आहे तर त्याच वाड्यातल्या आणखी दोन शब्दांना जपा. ‘कुणबीण’ आली तर ती दर वेळी कुणब्याची बायको नव्हे. पेशवाईच्या कागदांत त्याचा अर्थ पुष्कळदा विकत घेतलेली किंवा सरकारात धरलेली गुलाम बाई असा असतो. ‘बटीक’ही तशीच. त्यांची खरेदी-विक्री होत होती, किंमत लिहून. आपल्या ऐतिहासिक प्रेमकथांत या बायका ‘दासी’ होऊन येतात, निरोप पोचवतात, मालकिणीच्या प्रेमावर हसतात. ‘दासी’ या संस्कृत शब्दात किंमत दिसत नाही, म्हणून तो सोयीचा पडतो. मला वाटतं, काळाचा अभ्यास करायचा तर तो नायिकेच्या लुगड्यावर थांबू नये. तिला पाणी आणून देणारीही त्याच दफ्तरात आहे, तिच्या रकमेसकट.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. प्रीती-प्रणयाचा माझा आग्रह मागे घेतो.

धागाकर्ती

दोन दिवस लिहीत होते, म्हणून उत्तराला उशीर.

रंगमंदिर पाडलं. त्या वाड्यात आता एक बाई आहे. यादीत तिच्या नावापुढे लुगडं एक आणि रोजमुरा, आणि ही यादी लिहिणारा माझा नायकच आहे. अक्षर त्याचं. तिची किंमत तो त्याच लेखणीनं लिहितो आणि मग त्याच बैठकीत घरी पत्र लिहायला घेतो. त्या पत्राच्या शेवटी ‘लोभ’ येत नाही. कागद संपला नव्हता, जासूदही खोळंबला नव्हता. त्याच्या हातून लिहिलं गेलं नाही.

कोकणात ओटीवर वाचणारा “हे विनंती” म्हणून पत्र घडी घालतो. ती दाराआडून विचारते, “संपलं?”

मैत्रिणीनं तो भाग परत वाचला. वर्तुळ खोडून दिलंय.