रोबोटिक्स स्पर्धेला व्हॉलंटियर म्हणून बोलावलंय, कोडिंग शून्य, जाऊ का? (बेळगाव)

सीएनसीवाला_उद्यमबाग
नमस्कार मंडळी. भाच्याच्या हायस्कूलात अटल टिंकरिंग लॅब आहे, तिथले सर म्हणाले पुढच्या महिन्यात दोन दिवस शाळांची रोबोटिक्स स्पर्धा आहे, माणसं कमी पडालेत, येता का. मी आयटीआय फिटर, बारा वर्षं मशीनवर, प्रोग्राममध्ये आकडे बदलतो तेवढंच, पायथन बियथन काही येत नाही. एक इव्हेंट लाइन फॉलोअरचा, म्हणजे रेघ धरून चालणाऱ्या रोबोटचा, आणि एक लेगोचा, टेबलावर मिशन म्हणजे ठरवून दिलेली कामं करायचा. फॉर्मवर रेफरी, जज, इन्स्पेक्शन, पिट (टीमनं बसून रोबोट दुरुस्त करायची जागा), रांग असं कायकाय आहे, टिक कशावर करू? रजा टाकली की पगार कापणार म्हणून आधी विचारून घेतोय. कन्नड माझं बाजारापुरतं. भाचा पण एका टीममध्ये आहे, चालतंय का?

खानापूरची_बाई
जावा की दादा. पण भाच्याचं आजच सांगून टाका आयोजकांना. जज आणि रेफरी तर त्याच्या टीमला होऊच नका, नाहीतर तो खरा जिंकला तरी पोरं म्हणणार मामानं जिंकवलं.

मी लेगोला रेफरी होते. मॅच अडीच मिनिटांची, रोबोट आपोआप चालायचा, रिमोट नाही. होमच्या, म्हणजे टेबलावरच्या टीमच्या जागेच्या, बाहेर पोरानं रोबोटला हात लावून थांबवलं की एक टोकन जातंय, सुरुवातीला सहा असतात, सहाचे 50 मार्क आणि पाच राहिले तरी 50च, म्हणजे पहिली चूक माफ. हे पोरांना माहीत असतंय, पालकांना नसतंय, ते मागून ओरडतात "सर मार्क कापले". मॅच संपली की टेबल तसंच ठेवायचं, पोरांना घेऊन एकेक मिशन बघायचं, त्यांनी हो म्हटल्याशिवाय मिशनच्या लेगो मॉडेलला हात लावायचा नाही. मी पहिल्याच मॅचला घाईत एक मॉडेल उचलून जागेवर ठेवलं आणि मग मार्क द्यायला पुरावाच उरला नाही. शंका असली की फायदा टीमला, तसाच नियम आहे, म्हणून दिले मार्क, पण समोरच्या टेबलावरची पोरं ज्या नजरेनं बघत होती ना.

रूलबुक दोनदा वाचलं नसंल तर रेफरीवर टिक करू नका.

गेटबंद
फुकटची हमाली आहे सगळी. मी गेलतो मागं एका ठिकाणी, सकाळी आठला बोलावलं, खुर्च्या लावल्या, दुपारी तीनला थंडगार पुलाव, सर्टिफिकेटवर नाव चुकीचं. पगार कापून तर अजिबात जाऊ नका.

खानापूरची_बाई
@गेटबंद जेवणाचं खरं आहे, घरनं चपाती-भाजी बांधून न्यावी. पण दादा, एकच दिवस जायचं असंल तर पहिला दिवस धरा, इन्स्पेक्शन तेव्हाच असतंय.

डिप्लोमा_तिसरं_सेम
लाइन फॉलोअरचं मी सांगतो, तीनदा हरलोय त्यामुळं अनुभव आहे 😅 रेघ बघणारे हे सेन्सर आयआरवर (इन्फ्रारेड, डोळ्याला न दिसणारा उजेड) चालतात आणि उन्हात पण आयआर असतंय, मग सकाळी खिडकी बंद असताना कॅलिब्रेट केलेला (सेन्सर तिथल्या उजेडाला जुळवलेला) रोबोट अकराला ऊन ट्रॅकवर आलं की सरळ भिंतीला जातोय. पोरं कोड बघत बसतात, चूक खिडकीची. व्हॉलंटियरनं पडदा लावून ठेवावा नाहीतर ट्रॅक आत सरकवावा. ट्रॅक छापलेला फ्लेक्स चकचकीत असला तर तो पण त्रास देतोय, मॅट प्रिंट मागा म्हणून आत्ताच सांगा सरांना.

आणि कॉलेजांचा रिमोटवाला इव्हेंट पण असंल तर ब्लूटूथकडं बघा. सगळ्यांकडं तेच एचसी-05 मॉड्यूल, नाव पण तेच, पिन पण 1234, एकानं कनेक्ट केलं की दुसऱ्याच टीमचा रोबोट पळाला, झाली भांडणं. चेकिंगलाच नाव बदलून घ्या प्रत्येकाचं.

निपाणीचा_नाना
फिटर माणूस आणि विचारतोय कशावर टिक करू. अहो इन्स्पेक्शन! तुमचंच काम आहे ते. रोबोटचा साईज बसतोय का, कोपरा धारदार आहे का, वायर लोंबते का, बॅटरी पक्की बांधली का. टेप लावून मोजत बसू नका, पोरं म्हणणार टेप वाकडी धरली, वाद संपत नाही. तुमच्या शॉपमध्ये पत्र्याचं गो-नो गो गेज करून घ्या, रूलबुकातल्या मापाची एक चौकट, रोबोट आत गेला तर पास, नाही गेला तर बाहेर, बोलायचं कामच नाही. लेगोला उंची 12 इंचाच्या आत पाहिजे, त्याला एक पट्टी आडवी ठेवली की झालं.

लिथियम पॉलिमर बॅटऱ्यांवर मात्र डोळा ठेवा. फुगलेली दिसली की परत चार्जिंगला लावू द्यायची नाही, पोरं रडली तरी नाही. कोरड्या वाळूची बादली पिटजवळ पाहिजे, आणि उद्यमबागेत फाउंड्रीच्या वाळूला काय कमी आहे होय?

कन्नड पाच शब्द बास. "बन्नी" या, "निल्लू" थांब, "स्वल्प तडीरी" जरा थांबा, "मुट्टबेडा" हात लावू नको, "निधान" हळू. बाकी पोरं तुम्हाला मराठी-कन्नड-इंग्लिश मिसळून सगळं सांगतात. रामदुर्ग साईडची पोरं लई बुजतात, त्यांना पहिलं नाव विचारा, रोबोटचं.

सीएनसीवाला_उद्यमबाग
नाना, रोबोटचं नाव?

निपाणीचा_नाना
हां, ठेवलेलं असतंय प्रत्येकानं. गेल्या वेळी एकानं सांगितलं "बसव्या", कारण चढावर बसतोय म्हणे. मग पोरगं पाच मिनिटं थांबलं नाही बोलायचं.

सीएनसीवाला_उद्यमबाग
केलं टिक, इन्स्पेक्शन. एकच दिवस, पहिला. भाच्याची टीम आली की दुसऱ्याला बोलवणार, सरांना सांगितलंय. गेज शनिवारी कापतो, शेटला विचारलं, तो म्हणाला स्क्रॅपमधला पत्रा घे. शेवटचं एक, सेफ्टी गॉगल कंपनीचा आणला तर चालतोय ना?

खानापूरची_बाई
चालतोय. चार जास्तीचे आणा, पोरं विसरून येतात.