मदत हवी आहे: बाबांची दारू सोडवायची आहे, इंदूरमध्ये कोणाला दाखवावं?

नमस्कार मंडळी. आम्ही रामबागेत राहतो. बाबा ६४ वर्षांचे, तंबाखू-चुना ३० वर्षांपासून आणि रोज संध्याकाळी दारू. हल्ली सकाळी चहाची बशी धरताना हात थरथरतो, दारूचे दोन घोट पोटात गेले की थांबतो. बीपीच्या गोळीसाठी दर महिन्याला दवाखान्यात जातो, पण तिथे "किती घेता?" हे कुणी विचारतच नाही. बाबांसमोर माझीही जीभ रेटत नाही.

परवा तेच म्हणाले, "उद्यापासून बंद!" डोळ्यांत पाणी आलं, पण रोज पिणाऱ्याने एकदम सोडली तर २-३ दिवसांत फिट येऊ शकते, म्हणून डॉक्टरांना भेटेपर्यंत थांबा म्हटलंय.

तंबाखूसाठी १८००-११-२३५६ या सरकारी मोफत नंबरवर बोलणार आहे. दारूसाठी निवांत ऐकून घेणारे, शक्यतो मराठी बोलणारे डॉक्टर कुणाला माहीत आहेत का? भरती करावंच लागतं का?