विषय: बेळगावला माळवे (भाजीपाला) घेताना फवारणीच्या औषधापासून कसे जपावे?

प्रेषक: एक सभासद (मूळ गाव खानापूर, सध्या लीड्स)

सर्वांना सप्रेम नमस्कार.

मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जूनअखेरपर्यंत मी मुलांना घेऊन बेळगावला सासरी राहणार आहे. धाकटीला नुकत्याच वरण-भातासोबत भाज्या देऊ लागलो आहोत, त्यामुळे एरवी मनात न येणारा एक प्रश्न पडला आहे. सासूबाई टिळकवाडीत दारावर येणाऱ्या गाडीवरून माळवे घेतात आणि मिठाच्या पाण्यात घालून ठेवतात. तेवढ्याने औषध निघून जाते, अशी त्यांची खात्री आहे. नणंदेचे मत याच्या उलट असून, ‘सेंद्रिय’ असे छापलेल्या पाकिटाखेरीज दुसरी भाजी लहान मुलांना देऊच नये, असे ती बजावते. अमेरिकेतल्या एका संस्थेची, सर्वाधिक औषधांश आढळणाऱ्या बारा फळा-भाज्यांची यादीही मला कोणी पाठवली. तिच्यात स्ट्रॉबेरी आणि पालक अग्रभागी आहेत. मी मात्र बेळगावात दोडका, भेंडी, कोबी आणि लाल माठ घेणार आहे. ती यादी तिथे कितपत लागू पडते आणि बाजारात उभे राहून नेमके काय पाहावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर: एक जुने सभासद (शहापूर, बेळगाव)

ताई, नमस्कार.

आमच्या घरची थोडी जमीन वडगाव शिवारात आहे. परदेशातून परतल्यापासून मी माळवे पिकवतोही आणि विकतही घेतो, तेव्हा दोन्ही बाजू जाणून लिहितो.

ती यादी बाजूला ठेवावी. ती अमेरिकेच्या कृषी खात्याने तिथल्या बाजारातील मालाच्या केलेल्या तपासण्यांवर बेतलेली असते, आणि तिथली पिके, किडी व औषधे आपल्याहून वेगळी आहेत. आपल्याकडे त्याहून उपयोगी प्रश्न हा की पीक एकदाच काढले जाते की दिवसाआड तोडले जाते. औषधासोबत मिळणाऱ्या माहितीपत्रकात फवारणी आणि काढणी यांच्यात किती दिवस जाऊ द्यावेत हे छापलेले असते. काही औषधांना तीन-चार दिवस पुरतात, तर काहींना दोन आठवड्यांहून अधिक लागतात. कोबी, बटाटा, कांदा, भोपळा आणि उचगाव-बेक्किनकेरे भागातली रताळी ही पिके एकदाच किंवा थोड्याच खेपांत काढली जात असल्यामुळे शेतकऱ्याला तेवढे थांबणे शक्य असते. भेंडी, वांगी, काकडी, ढबू मिरची आणि हिरवी मिरची यांचे तसे नाही. भेंडी दोन दिवस तोडायची राहिली की जून होते आणि जून भेंडी कोणी घेत नाही, पण त्याच झाडाच्या पुढच्या कळ्यांना तोवर कीड लागलेली असते. म्हणून आज फवारणी आणि परवा तोडणी असे सर्रास घडते. वांग्यात तर शेंडा व फळ पोखरणारी अळी एकदा आत शिरली की औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणून ती बाहेर असतानाच तिला गाठण्यासाठी फवारण्यांवर फवारण्या होतात. यात शेतकऱ्याला दोष देऊन मला मोकळे व्हायचे नाही. किडकी वांगी व्यापारी निम्म्या दरातही उचलत नाही, आणि गिऱ्हाईकही टोपलीतून तुळतुळीत वांगीच निवडून घेते.

भोके पडलेली भाजी म्हणजे बिनफवारणीची भाजी, हा समज आपल्याकडे फार पसरलेला आहे आणि तो भरवशाचा नाही. कोबी-फ्लॉवरवरील चौकोनी ठिपक्यांचा पतंग अनेक औषधांना दाद न देण्याबद्दल जगभर कुप्रसिद्ध आहे. चाळणी झालेल्या गड्ड्यावर चार वेळा औषध पडलेले असणे सहज शक्य आहे. कोबीची बाहेरची दोन-तीन पाने काढून टाकावीत, कारण फवारा मुख्यतः त्यांवरच बसतो.

आता कोणाकडून घ्यावे, याविषयी. तुमच्या सासूबाईंच्या गाडीवाल्याने माल पहाटे घाऊक बाजारातून उचललेला असतो, त्यामुळे तो कोणत्या शेतातला हे त्याला सांगता येणार नाही. गणपत गल्लीत किंवा शहापूरच्या खडेबाजारात आजूबाजूच्या गावांतल्या बायका स्वतःच्या शेतातल्या पेंढ्या घेऊन बसतात; त्यांच्याकडून घ्यावे, आणि शक्यतो नेहमी त्याच बाईंकडून घ्यावे. “औषध मारता का?” असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर नेहमी नकारार्थीच येते. “मावशी, औषध मारून किती दिवस झाले?” असे विचारावे. ज्या बाईंना पुढच्या आठवड्यातही तुम्ही यायला हव्या असता, त्या बहुतेक वेळा खरे सांगतात, आणि “आज हे नको, शेपू न्या” असेही सुचवतात.

तुमच्या मुक्कामाच्या दिवसांत फणसाची कुयरी (कोवळा फणस), शेवग्याच्या शेंगा, केळफूल आणि अळू मिळते. परसातल्या किंवा बांधावरच्या या झाडांवर सहसा कोणी पैसे खर्चून फवारत नाही. पाऊस सुरू झाला की तुमच्या खानापूरकडून टाकळा आणि कुर्डूही येऊ लागतात. त्या रानभाज्या रस्त्याकडेच्या किंवा तणनाशक मारलेल्या बांधावरच्या नाहीत, एवढे विचारून घ्यावे.

मिठाच्या पाण्याबद्दल सांगायचे तर फ्लॉवरमधल्या अळ्या त्याने बाहेर येतात, आणि त्यासाठी ते जरूर वापरावे. औषधासाठी मात्र वाहत्या पाण्याखाली चोळून धुणे अधिक कामाचे आहे. कनेक्टिकट राज्यातील कृषी प्रयोग केंद्राने २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नळाच्या पाण्याने खळबळल्यावर तपासलेल्या १२ पैकी ९ औषधांचा अंश लक्षणीय कमी झाला, आणि त्याच केंद्राच्या चाचणीत फळे-भाज्या धुण्यासाठी विकले जाणारे खास द्रव नुसत्या पाण्याहून सरस ठरले नाहीत. त्या बाटल्यांचे पैसे वाचवावेत. भांड्यांचा साबण तर लावूच नये.

उत्तर: एक सभासद (अन्न तपासणी प्रयोगशाळेत नोकरी, सध्या रॉटरडॅम, माहेर निपाणी)

काकांच्या पत्राशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु तीन गोष्टी जोडणे आवश्यक वाटते.

पहिली गोष्ट धुण्याच्या मर्यादेची आहे. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये सफरचंदांवर प्रयोग केला, तेव्हा लिटरमागे १० ग्रॅम खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात १२ ते १५ मिनिटे ठेवल्यावर दोन औषधांचा पृष्ठभागावरचा अंश निघून गेला. पण त्यांपैकी थायाबेंडाझोल या बुरशीनाशकाचा सुमारे पाचवा हिस्सा सालीत मुरलेला होता, आणि तो धुण्याने निघाला नाही. इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही औषधे तर मुळातच झाडाच्या रसातून सर्वत्र पसरावीत म्हणून बनवलेली असतात. तेव्हा सोड्याचे पाणी काकडी, ढबू मिरची किंवा सफरचंद अशा गुळगुळीत सालीच्या वस्तूंसाठी वापरावे, नंतर स्वच्छ पाण्याने धुवावे, आणि त्यापलीकडे त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नये. जे आत गेले आहे ते कमी करण्याचा उपाय काकांनी सांगितलेला, म्हणजे खरेदीच्या वेळचा आहे.

दुसरी गोष्ट पाकिटांची. ‘सेंद्रिय’ हा शब्द छापायला कोणालाही शाई पुरते. नणंदबाईंना पाकिटावर ‘जैविक भारत’ हे चिन्ह आणि त्यासोबत ‘इंडिया ऑरगॅनिक’ किंवा ‘पीजीएस-इंडिया’ यांपैकी एक पाहायला सांगावे. ‘इंडिया ऑरगॅनिक’चे प्रमाणपत्र बाहेरची संस्था तपासणी करून देते, तर ‘पीजीएस-इंडिया’ पद्धतीत शेतकऱ्यांचे गट एकमेकांच्या शेतांची पाहणी करतात. ही गटांची पद्धत कमी दर्जाची आहे असे मी मानत नाही. शेजाऱ्याच्या बांधावर काय चालते हे शेजाऱ्याइतके कोणाला ठाऊक असते?

तिसरी गोष्ट भीतीची. कायद्याने ठरवलेली कमाल औषधांश मर्यादा ही विषबाधेची रेघ नसते. औषध नियमाप्रमाणे वापरल्यास जास्तीत जास्त किती अंश उरेल यावरून ती ठरते आणि ती आहाराच्या दृष्टीने सुरक्षित आहे ना, हे स्वतंत्रपणे तपासले जाते. युरोपात ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही सरसकट मर्यादा लागू होते. २०१० मध्ये महाराष्ट्राची द्राक्षे युरोपात अडकली, ती क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाचा अंश तिथल्या मर्यादेहून अधिक निघाल्यामुळे. मला खरी काळजी वाटते ती ज्या वापराला परवानगीच नाही त्याची. मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक भाज्यांवर वापरण्यास भारतात २००५ पासूनच बंदी घातलेली असूनही ते भाजीवर मारल्याच्या तक्रारी पुढे अनेक वर्षे होत राहिल्या. असे असले तरी धाकटीच्या ताटातली भाजी कमी करू नये. भाज्या आणि शेतकरी बदलत राहिले, तर कोणतेही एकच औषध रोज पोटात जात नाही.

उत्तर: एक जुने सभासद (शहापूर, बेळगाव)

नेहमीच्या मावशी धरा असे मी लिहिले आणि निपाणीच्या ताई शेतकरी बदला म्हणतात, तेव्हा मधला मार्ग असा की दोन-तीन ओळखीच्या मावशी आलटून-पालटून धराव्यात. सोड्याचे पाणी पालेभाजीला लावू नये, ती मलूल होते आणि मुलेही खात नाहीत. पालेभाजी भरपूर पाण्यात तीनदा बुडवून काढावी. ते केवळ औषधासाठी नाही: बळ्ळारी नाल्याच्या काठच्या काही शेतांना शहराचे सांडपाणी मिसळलेले पाणी लागते, आणि तुमच्या धाकटीच्या वयाच्या मुलाला त्यातल्या जंतूंचा त्रास औषधाच्या अंशापेक्षा लवकर होतो. पालेभाजी तिला शिजवूनच द्यावी, कोथिंबीरसुद्धा वरून कच्ची पेरू नये.

मे महिना आहे म्हणून आंब्याचेही लिहितो. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास बंदी आहे, कारण त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असू शकतात; ठरलेल्या प्रमाणात इथिलीन वायूने पिकवण्यास मात्र २०१६ पासून परवानगी आहे. पिकलेल्या आंब्याकडे नुसते पाहून तो कशाने पिकवला हे ओळखता येईल, असे मला वाटत नाही. तुम्ही पोहोचण्यापूर्वीच सासूबाईंना कळवून धारवाडकडचा किंवा कोकणातला तयार झालेला पण हिरवा हापूस पेटीने घ्यायला सांगावा आणि घरी गवतात आढी लावावी. आढीतला आंबाही धुऊन, साल काढूनच धाकटीला द्यावा.