मासा १८ दिवस उपाशी, गळा फुगलाय. औषध किती टाकू? (मदत हवी आहे)

रोहन_ठाणे: मासा १८ दिवस काहीच खात नाही. हनुवटीखाली फुगवटा आलाय. तोंड मिटून एका जागी उभा असतो, मध्येच आत काहीतरी घोळवल्यासारखं करतो. बाकीचे नीट खातात. पाणी परवाच बदललं. दुकानदार म्हणाला गाठ आहे, कॉपरचं औषध टाक. बाटली आणलीय, आज रात्री टाकायचीय. किती थेंब? कृपया लवकर सांगा.

कळवेकर: कोणता मासा? टँक किती लिटरचा?

घणसोलीचे_काका: आमच्या गोल्डफिशला असंच झालं होतं. दहा लिटरला एक चमचा खडेमीठ टाका. दोन दिवसांत टुणटुणीत! वीस वर्षांचा अनुभव आहे.

रोहन_ठाणे: काका, पाणी खारंच आहे. समुद्री टँक आहे, २०० लिटर. थेंब सांगा ना कुणीतरी.

घणसोलीचे_काका: मग हे आधी सांगायचं ना!

मीनाक्षी_नेरूळ: औषध टाकू नका! मासा चंदेरी, काळे उभे पट्टे, पंखांवर पांढरे ठिपके, असा आहे का? जोडी आहे? टँकमध्ये अजून काय आहे?

रोहन_ठाणे: हो, तोच. बांगाई कार्डिनल. दोन आहेत, नर-मादी कळत नाही. लांब काट्यांचा काळा अर्चिन (गोल, काटेरी समुद्री प्राणी) पण आहे. त्याचा काय संबंध?

मीनाक्षी_नेरूळ: मग बहुतेक तो आजारी नाही, बाप होतोय. या जातीत मादीने घातलेली अंडी नर तोंडात घेतो. साधारण २० दिवसांनी ती फुटतात, तरी पिल्लं आणखी आठ-दहा दिवस तोंडातच राहतात. तेवढा सगळा काळ तो उपाशी असतो. घाबरला तर अंडी गिळतो किंवा थुंकतो, म्हणून जाळी घालू नका, खडक हलवू नका. कॉपरने तुमचा अर्चिन मरेल, आणि पिल्लं लपतात त्याच्याच काट्यांत.

अजून एक. हा मासा मूळचा फक्त इंडोनेशियात, सुलावेसीच्या पूर्वेला बांगाई बेटांच्या आसपास. बहुतेक रीफ (प्रवाळ खडकांतल्या) माशांची पिल्लं प्रवाहाबरोबर दूर जातात, याची जात नाहीत. एका खाडीतले मासे पकडून संपवले तर दुसरीकडून येऊन ती भरत नाही. शौकिनांसाठी इतके पकडले की २००७ साली आययूसीएनने (निसर्ग जपणारी आंतरराष्ट्रीय संघटना) त्याला संकटग्रस्त ठरवलं. म्हणून तुमच्याकडची पिल्लं जगली पाहिजेत असं मला फार वाटतं. घेताना टँकमध्ये वाढवलेले आहेत का, विचारलं होतंत?

रोहन_ठाणे: नाही विचारलं. बाटली परत करतो.

वाशी_रीफ: ताई अर्धंच सांगतायत. नराला वेगळ्या डब्यात घ्या, शेवटच्या दिवसांत तोंड अलगद उघडून पिल्लं काढा. नाहीतर बाकीचे मासे एक ठेवणार नाहीत. मी असंच करतो.

मीनाक्षी_नेरूळ: सरावलेल्या हाताला जमतं. हे पहिल्यांदाच करतायत, नर हातचा जाईल.

वाशी_रीफ: सगळेच कधीतरी पहिल्यांदा करतात.

जलचर२२: क्लाउनफिशमध्ये मादी मेली की नराची मादी होते. कुणी विचारलं नाही, पण माहिती असावी.

कोपरीचा_मंदार: ऐरोलीचं सागरी जैवविविधता केंद्र रविवारी उघडं असतं का? मुलांना न्यायचंय.

कळवेकर: मंदार, वेगळा धागा काढा. रोहन, तापमान? सॅलिनिटी (पाण्याचा खारटपणा)?

रोहन_ठाणे (११ दिवसांनी): २६ अंश, १.०२४. सकाळी टॉर्च मारली तर अर्चिनच्या काट्यांत इवली इवली पट्टेवाली पिल्लं. १७ मोजली. बाप खायला लागला! ताई, औषध टाकलं असतं तर... मनापासून आभार. आता त्यांना काय घालू? आजच हवंय.

मीनाक्षी_नेरूळ: अहो, किती छान! नुकतीच फुटलेली जिवंत आर्टेमिया (कोळंबीसारखे बारीक जीव), दिवसातून तीन-चारदा थोडी थोडी. कोरडं खाद्य ती घेणार नाहीत. आर्टेमियाची अंडी फुटायला साधारण २४ तास लागतात, म्हणून आत्ताच लावा. माझ्याकडे डबा आहे. ठाण्यात कुठे राहता?