'रीफ्रेम' करणे: मराठीत काय म्हणाल?

प्रश्नकर्ती: डिझाइनच्या पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी मराठीत टिपण लिहितेय. अडचण तीच, पण वेगळ्या बाजूने पाहिली की उपायही वेगळा सुचतो, याला 'रीफ्रेमिंग' म्हणतात. एकाने 'पुनर्चौकटीकरण' सुचवलं. उच्चारतानाच दम लागतो. दुसरं काही?

दापोलीकर: 'प्रश्न फिरवणे'. आमच्याकडचा आंबे उतरवायचा झेला घ्या. आंबा हिसडून काढला की देठ तुटतो, चीक सालीवर ओघळतो, डाग पडतो. 'आंबा खाली कसा आणायचा' एवढंच धरून बसलात तर नुसती काठी लांब करत राहाल. इथल्या कृषी विद्यापीठाच्या नूतन झेल्याला टोकाशी पातं आहे, खाली जाळी. फळ देठासकट कापून जाळीत पडतं. प्रश्न फळाचा नव्हताच, देठाचा होता.

रत्नागिरीकर: उदाहरण झकास, शब्द नको. 'शब्द फिरवला' म्हणजे दगा दिला. त्यापेक्षा 'फेरमांडणी' म्हणा. फेरविचार, फेरतपासणीच्या पंगतीत बसतो.

मालवणकर: शब्द बरो आसा, पण माका कपाट हलवल्यासारख्या वाटता. (पुढचं प्रमाण मराठीत, नाहीतर ओरडाल.) फेरमांडणीत वस्तू त्याच राहतात, जागा बदलतात. इथे सोय कशाची करायची तेच बदलतंय. इरलं बघा. छत्री उभ्या माणसासाठी. लावणीला वाकलेल्या बाईची पाठ भिजते आणि दोन्ही हात चिखलात असतात. म्हणून कामट्या-पानांचं इरलं डोक्यावरून पाठीवर उतरतं, धरायला हात लागत नाही. छत्री कितीही सुधारली तरी तिचं इरलं होत नाही.

रत्नागिरीकर: हे पटलं. कोकण रेल्वेची रो-रो त्याच जातीची. ट्रकमधला माल उतरवून वाघिणीत (मालगाडीच्या डब्यात) भरण्याऐवजी १९९९ पासून कोलाड ते वेर्णा अख्खा ट्रकच वाघिणीवर चढवतात, ड्रायव्हरसकट.

राजापूरकर: मंडळी, 'समस्या' या शब्दाकडेच बघा ना. संस्कृतात समस्या म्हणजे पुरा करायला दिलेला श्लोकाचा तुकडा. कालिदासाच्या नावावर सांगतात ती गोष्ट: चरण मिळाला 'ठंठंठठं...', अर्थ शून्य. त्याने आधीच्या तीन चरणांत रामाच्या अभिषेकाचं पाणी आणणारी तरुणी आणली, तिच्या हातून सोन्याचा घडा जिन्यावर पडला, आणि ठंठं हा घड्याचा आवाज झाला! दिलेल्या चरणातलं अक्षरही बदललं नाही. आपण मात्र समस्या 'सोडवतो', जाळ्याचा गुंता सोडवावा तशी. पूर्वी ती 'पुरी' करत.

दापोलीकर: वा! पण पोरांना 'समस्यापूर्ती' सांगितलीत तर कवितेचा तास समजून पळतील.

प्रश्नकर्ती: खरंय, पण घड्याची गोष्ट टिपणात घेतेच. मला वाटतं नामाच्या मागे लागण्यातच घोळ आहे, मराठीला इथे क्रियापद मानवतं. गणित मांडतो, डाव मांडतो, गाऱ्हाणंही मांडतो. म्हणून शीर्षक 'प्रश्न वेगळा मांडून बघा'.

मालवणकर: आणि नाम लागलंच तर?

प्रश्नकर्ती: तर फेरमांडणी. तुमच्या कपाटासकट.